खुर्च्या मोजणाऱ्या भाऊसाहेबाकडून: शाळेत कौतुकाचा कार्यक्रम कसा करावा

मी शाळेत लिपिक आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोडवरून आत वळल्यावर आमची पाचवी ते आठवीची शाळा. शिक्षक मला भाऊसाहेब म्हणतात, पोरंही भाऊसाहेबच म्हणतात. माझं खरं नाव पगारपत्रक सोडलं तर कुठं वापरात नाही. १९ वर्षांत शाळेत जेवढे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांत माझं काम ठरलेलं. प्रमाणपत्रं लिहायची, मंडपवाल्याकडून खुर्च्या मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या, आणि ऐनवेळी हार कमी पडला की गाडीला किक मारायची. स्टेजवरच्या माणसाला समोरची गर्दी दिसते. मागं भिंतीला टेकून उभा राहणाऱ्याला कोण कधी जांभई देतंय, कोण चपला घालून हळूच निघालंय, हे सगळं दिसतं. तेवढ्या हक्कानं हे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातून आली.

काही वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी, दुपारी ४ वाजता, पत्र्याखाली आम्ही 'गुणगौरव सोहळा' ठेवला होता. कार्यक्रम २ तास १० मिनिटं चालला. मी घड्याळ लावलं होतं. त्यातली १८ मिनिटं मुलांच्या नावांना मिळाली, बाकीची पाहुण्यांना. त्या वर्षी एका मुलाच्या वडिलांनी, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस, आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊन शाळेची ४१ बाकडी दुरुस्त करून दिली होती. खिळे स्वतःचे. त्यांचा सत्कार यादीत होता. पाहुण्यांनी नाव वाचलं, कुणी उठलं नाही. परत वाचलं. मग 'अनुपस्थित' म्हणून पुढचं नाव. आणि तो माणूस पाचव्या रांगेत, माझ्या डोळ्यांसमोर, पुढच्या नावाला टाळ्या वाजवत बसलेला. आमच्या भागातली तेलुगू आडनावं, येमूल, गाजूल, बुर्ला, चिप्पा, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की दुसऱ्याच घरची होतात. यादी माझ्या हातची होती. दोन अक्षरं मीच उलटी केली होती. वाचणाऱ्याचा काही दोष नाही.

त्यानंतर ते बरेच दिवस शाळेत फिरकले नाहीत. रागावले असणार, म्हणून मी घरी गेलो. "नाव घेतलं होतं व्हय माझं? मला वाटलं कोण तर दुसरा असेल," एवढंच म्हणाले. न येण्याचं कारण वेगळंच निघालं, पाळी बदलली होती. पण मला ती 'कोण तर दुसरा' काही दिवस झोपू देईना.

वही जूनमध्येच घाला

कार्यक्रमाची तयारी कार्यक्रमाच्या आधी पंधरा दिवस सुरू केली की मग आठवतात तीच नावं: पहिला, दुसरा, तिसरा, आणि एखादी चांगली नाचणारी. म्हणून शाळा उघडते त्याच आठवड्यात २०० पानी फुलस्केप रजिस्टर स्टाफरूमच्या टेबलावर ठेवायचं. दोरीनं पेन बांधायचं, नाहीतर पेन दुसऱ्या दिवशी गायब. रकाने चारच: तारीख, नाव व तुकडी, काय केलं, कुणी पाहिलं.

एक नियम मात्र कडक पाळा. विशेषणं लिहायची नाहीत. 'हुशार', 'गुणी', 'मनमिळाऊ', 'अष्टपैलू' असं काही दिसलं की मी लाल पेननं गोल करतो आणि त्या शिक्षकांना परत लिहायला लावतो. सुरुवातीला भांडणं झाली. एक बाई म्हणाल्या, भाऊसाहेब, तुम्ही आता आमचे पेपर तपासणार का? मी म्हणालो, बाई, 'मनमिळाऊ' म्हणजे त्या पोरीनं नेमकं काय केलं ते सांगा, मी तेच लिहून घेतो. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पालकसभेत ४ आयांना सरांचं बोलणं तेलुगूत सांगत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला." झालं. तीच नोंद. फेब्रुवारीत स्टेजवरून तेच वाक्य वाचलं गेलं, जसंच्या तसं.

शिक्षकांवरच अवलंबून राहू नका. शिपाईमामा, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, ग्रंथालयाची किल्ली ज्याच्याकडं असते तो मुलगा, हे सगळे नोंद सांगू शकतात. मावशींना लिहायचा कंटाळा, त्या खिडकीशी येऊन सांगतात, मी लिहितो. 'कुणी पाहिलं' या रकान्यात मावशींचं नाव येतं तेव्हा ती नोंद मला जास्त खरी वाटते, कारण जेवणाच्या रांगेत पोरं नाटक करत नाहीत.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, उरकली की जानेवारीच्या शेवटी हजेरीपट शेजारी ठेवून वही चाळायची. ज्या मुलांच्या नावापुढं वर्षभरात एकही नोंद नाही, त्यांची वेगळी यादी करायची. आम्ही त्यांना 'कोरी नावं' म्हणतो. गेल्या वर्षी २१४ पैकी ३१ निघाली. ही यादी भिंतीवर लावायची नाही, मुलांना कळू द्यायची नाही. प्रत्येक शिक्षकाला ५-६ नावं वाटून द्यायची आणि म्हणायचं, तीन आठवडे यांच्याकडं बघा. काही बनवून लिहू नका, नुसतं बघा. ३१ पैकी २८ भरली. उरलेल्या तिघांचं काय झालं, तर ती तशीच राहिली. खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं. मात्र त्या तिघांना कार्यक्रमात काम दिलं, एकाला घंटा, दोघांना माइकची वायर.

कशाला टाळ्या वाजवायच्या

गुणांचं कौतुक करायचंच, पण त्यावर फार लिहायची गरज नाही, ते सगळ्यांना जमतं. एलिमेंटरी ड्रॉइंगची श्रेणी, विज्ञान प्रदर्शन, १४ वर्षांखालील खो-खो, वक्तृत्व, हे सगळं घ्या. शिष्यवृत्तीचा निकाल उशिरा लागतो, त्यासाठी कार्यक्रम अडवू नका. निकाल लागेल त्या आठवड्यात परिपाठाच्या वेळी पोराला पुढं बोलवा, बास.

एनएमएमएसबद्दल एक गोष्ट जपा. आठवीतल्या या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मोठी गोष्ट आहे, आमच्या भागातल्या घरात तर फारच मोठी. पण या योजनेच्या पूर्ण मराठी नावात 'आर्थिक दुर्बल घटकातील' असे शब्द आहेत, आणि सूत्रसंचालक उत्साहात ते नाव घसा फोडून वाचतो. मुलगी खाली मान घालून स्टेजवर येते. नुसतं 'एनएमएमएस' म्हणा, किती मुलं बसली होती आणि हिनं त्यासाठी काय केलं ते सांगा. रक्कम सांगू नका. मोठा छापील चेक हातात देऊन फोटो तर अजिबात नको.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आम्ही बंद केलं. एका वर्षी सहावीतली मुलगी अंगात ताप असताना शेवटचा आठवडा आली, का तर बक्षीस जाईल. तिच्यामुळं अर्धा वर्ग आजारी. हजेरीचं कौतुक करायचंच असेल तर ज्याची सुधारली त्याचं करा, आणि तेही अर्धंच सांगा. वहीत लिहिलेलं असतं, 'जुलैपासून रोज हजर. मागच्या वर्षी ७१ दिवस गैरहजर.' स्टेजवरून फक्त पहिलं वाक्य वाचायचं. दुसरं ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

आता एक नोंद पूर्ण दाखवतो, म्हणजे वाक्य कसं असावं ते कळेल. खो-खोचा संघ गेल्या वर्षी तालुका पातळीवर दुसरा आला. संघातल्या पोरांना मेडल मिळालं, ते ठीक. पण वहीत क्रीडाशिक्षकांनी लिहिलं होतं: 'सातवी अ. दोन महिने रोज सकाळी सव्वासातला येऊन मैदान झाडलं, फक्की मारली. एकाही सामन्यात खेळायला मिळालं नाही. मागितलंही नाही.' हे वाक्य वाचलं तेव्हा पोरगा स्टेजवर आलाच नाही, बाकीच्यांनी उचलून आणला. मी नंतर त्याच्या आईला म्हणालो, पोरगा गुणाचा आहे तुमचा. आई म्हणाली, "कसला गुणाचा हो भाऊसाहेब. घरात एक घागर उचल म्हटलं तर अंगावर येतंय." हे पण मी वहीत लिहायला हवं होतं, पण रकाना नव्हता.

दिवस आणि वेळ

आमचा कार्यक्रम फेब्रुवारीतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवारी असतो, सकाळी ८ ते सव्वानऊ. मार्चनंतर सोलापुरात पत्र्याखाली माणसं बसवणं म्हणजे सत्कार नाही, शिक्षा आहे. जानेवारीचा मधला आठवडा सोडून द्या. १२ तारखेला सकाळी पोरं चार हुतात्म्यांना अभिवादन करतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. त्याच दिवसापासून सिद्धेश्वर यात्रेचे विधी चालू. साधारणपणे १३ ला अक्षता, १४ ला होम, १५ ला शोभेचं दारूकाम. निम्मी शाळा नंदीध्वजामागं आणि उरलेली गड्ड्यावर पाळण्यात. त्या आठवड्यात तुम्ही कुणालाही बोलवा, येणार नाही, आणि येऊही नये.

बाहेरगावच्या माणसाच्या ध्यानात येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पाणी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई हलत नाही. पत्रिका छापायच्या आधी त्या भागातल्या चार बायकांना विचारा, शनिवारी पाण्याची पाळी आहे का. एकदा आम्ही हे विचारलं नव्हतं. ६० खुर्च्या मांडल्या, ११ भरल्या, त्यातल्या ४ शिक्षकांच्या.

समोर कारखाना असेल तर मागांची खटखट लक्षात घ्या. आमच्या शाळेसमोर आहे. मालकाला एक चिठ्ठी दिली की तो तेवढा सव्वा तास रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतो. तरीही माइक लागतोच. माइक आदल्या दिवशी तपासा, 'हॅलो हॅलो' म्हणून नव्हे, यादीतली पाच अवघड नावं वाचून.

नावं

प्रत्येक नाव जनरल रजिस्टरवरून घ्यायचं, हजेरीपटावरून नाही. हजेरीपटावर शिक्षक घाईत लिहितात. प्रमाणपत्रावर आईचं नाव घाला. १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आता मुलाचं नाव, आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असाच क्रम आहे, त्यामुळं आमची खालच्या वर्गातली पोरं त्यात आलीच. वरच्यांनाही आम्ही तसंच लावलं, कुणी तक्रार केली नाही. एका घरात बापानं विचारलं की हिचं नाव आधी का. आईनं उत्तर दिलं, मला द्यायची वेळ आली नाही.

यादी तयार झाली की कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ती फाटकाजवळच्या फळ्यावर लावा. खाली लिहा, 'नाव चुकलं असेल तर पेननं दुरुस्त करा.' मग वाचणाऱ्याला बसवून प्रत्येक अवघड नाव त्या मुलाकडूनच दोनदा म्हणवून घ्या. बाकडीवाल्यांच्या त्या प्रसंगानंतर मी स्वतः हे करतो. पोरांना मजा वाटते, भाऊसाहेबांना कुणीतरी शिकवतंय.

फोटोची संमती जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबरच सही करून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची परवानगी अपेक्षित आहे, आणि कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. आमच्याकडं दोन घरं फोटो नको म्हणतात. कारण विचारत नाही.

बक्षीस कुणाच्या हातून

इथं आम्ही एक बदल केला आणि बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप मिटले. मुलांना बक्षीस पाहुणे देत नाहीत, मदतीला येणारी माणसं देतात. वाचनाच्या तासाला वर्षभर येणाऱ्या काकू पाचवीच्या मुलांना देतात, कारण त्यांनीच त्यांना वाचून घेतलंय. बाकडीवाले सातवीला. म्हणजे एकाच वेळी मुलाचंही नाव आणि देणाऱ्याचंही. सूत्रसंचालक आधी देणाऱ्याचं एक वाक्य वाचतो, मग मुलाचं. मुलगा त्या माणसाच्या पाया पडतो ते सांगून नव्हे, ओळख असते म्हणून पडतो.

पाहुणे दोनच, आणि दोघं मिळून आठ मिनिटं. बोलण्याआधी मुलांची नावं संपलेली असली पाहिजेत. पाहुण्यांना वाईट वाटेल ही भीती मुख्याध्यापकांना असते. मला अनुभव उलटा आला. एक पाहुणे खाली पहिल्या रांगेत बसून सगळी वाक्यं ऐकत होते. बोलायची वेळ आली तेव्हा कागद खिशात ठेवून म्हणाले, मी लिहून आणलं होतं पण आता ते वाचण्यात अर्थ नाही, त्या फक्की मारणाऱ्याला परत एकदा उभं करा. तीन मिनिटांत बसले.

शाल-श्रीफळ नको. सोलापुरात राहून बाहेरची शाल कशाला? आमच्या भागात टॉवेल-नॅपकिनचा सेकंड माल किलोवर मिळतो. एखादा धागा ओढलेला, नाहीतर काठ जरा तिरका, एवढाच दोष. मी आणि शिपाईमामा एक दुपार बसून हातानं निवडतो. कारखान्यात शिलाई करणारी एक आई कडा ओव्हरलॉक करून देते आणि एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं नावाचं पहिलं अक्षर घालते. प्लास्टिकची ट्रॉफी घरी जाईपर्यंत मोडते. नॅपकिन मी नंतर पोरांच्या दप्तरात बघितलेत, डब्याला गुंडाळलेले. एकाचा सायकलच्या सीटवर होता, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

पैशाबद्दल एवढंच: मुलांकडून वर्गणी काढायची नाही, ५ रुपयेसुद्धा नाही. खाऊ म्हणजे सुशीला. चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, मिरची, कढीपत्ता, स्वस्त आणि पोटभर. फक्त तो पोषण आहाराच्या मावशींनी करायचा नाही. ज्यांचं कौतुक करायचं त्यांनाच त्या दिवशी पहाटे पाचला चुलीशी उभं करायचं, हे आम्ही तीन वर्षं केलं आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. आता आठवीच्या मुलांचे बाप करतात. पहिल्या वर्षी मीठ विसरले.

मदतीला येणाऱ्यांचे आभार

५ डिसेंबरला जागतिक स्वयंसेवक दिन असतो. आमच्याकडं 'स्वयंसेवक' शब्द कुणी वापरत नाही, 'मदतीचे पालक' म्हणतात. त्यांच्यासाठी दुसरं रजिस्टर: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या नावापुढं मी लिहितो. मुलांच्या कार्यक्रमात त्यांचं नाव येतंच, पण वेगळे आभारही हवेत. आम्ही ते १० ऑक्टोबरच्या आसपास ठेवतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच तारखेला, १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक पोरांना दाखवून आणायचं, आणि त्याच आठवड्यात मदतीच्या पालकांना बोलवायचं. दुसऱ्याच्या कामाला जाणं म्हणजे काय, याच्यावर मग वेगळं भाषण लागत नाही.

सगळ्यांना एकच कागद देऊ नका. प्रत्येकाला काय उपयोगी पडेल ते बघा. राष्ट्रीय सेवा योजनेतली कॉलेजची मुलं येतात, त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यांना रजिस्टरवरून तास मोजून, शिक्का मारून पत्र द्या, आणि ते त्यांनी चारदा मागायच्या आधी द्या. रात्रपाळीवाल्या माणसाला सकाळी अकराला बोलावू नका, तो तेव्हा झोपतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांचा वेगळा सत्कार नको. समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं कायदा सांगतो, पण सदस्य असणं आणि येऊन काम करणं या दोन गोष्टी आहेत. काम केलं असेल तर रजिस्टरमध्ये दिसेल.

विडी कामगार आयांचं मात्र आम्हाला फार उशिरा कळलं. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईचा एक तास म्हणजे शंभरेक विड्या. तिला आभार मानायला बोलावून दीड तास बसवलं तर आभार तिच्याच पदरात महाग पडतात. एकीनं मला सरळ विचारलं, "भाऊसाहेब, विड्यांचं सूप घेऊन येऊ का? ऐकत ऐकत वळते." प्रश्न बरोबर होता. पण शाळेच्या आवारात तंबाखू आणता येत नाही, मुख्याध्यापिकांना नाही म्हणावं लागलं, आणि त्या बाई आल्या नाहीत. चूक कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी आम्हीच गेलो. त्यांनी कारखान्यात माल देऊन झाल्यावर, संध्याकाळी, त्यांच्या बोळातल्या मारुतीच्या पारावर. ९ बायका, १२ पोरं, दोन शिक्षक आणि मी. माइक नाही, स्टेज नाही. प्रत्येक पोरानं एकीसाठी एक वाक्य लिहून आणलं होतं. 'तुम्ही माझ्या नाटकातल्या धोतराला नाडी लावून दिली, नाहीतर सुटलं असतं.' 'तुम्ही मला पावकी म्हणायला शिकवलं.' एका आजीला मराठी नीट समजत नाही, तर त्या पालकसभेतल्या पोरीनं तिचं वाक्य तेलुगूतून वाचलं. २० मिनिटांत संपलं. नॅपकिन दिले. बायकांनी आम्हाला चहा पाजला, म्हणजे हिशेब परत त्यांच्याच बाजूला गेला. त्यावर उपाय अजून सापडलेला नाही.

आमच्या यादीत फाटकावरची आजी पहिली. पाचवीतल्या एका मुलाची आजी. शाळा सुटायच्या वेळेला फाटकासमोरच्या दगडावर येऊन बसायची. रस्त्यावरून सुताचे टेम्पो जातात, पोरं बाण सुटल्यासारखी बाहेर पडतात. ही हात आडवा करून ओरडायची, "आगु, आगु!" तेलुगूत 'थांब'. आता मराठी पोरंही एकमेकांना तेच ओरडतात. तिला कुणी नेमलं नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत पाचवीच्या मुलांना तिनंही बक्षीसं दिली, एकेकाला कान धरून.

दुसऱ्या दिवसाची कामं

फोटो ज्यांची संमती आहे त्यांनाच पाठवा, आठवड्याच्या आत. आले नाहीत त्यांची प्रमाणपत्रं कपाटात ठेवू नका, वर्गशिक्षकांनी घरी नेऊन द्यायची, आणि देताना ते वाक्य वाचून दाखवायचं. नुसता कागद दिला तर तो गादीखाली जातो. हिशेब सूचनाफलकावर लावा. नवीन वहीसाठी रजिस्टर आत्ताच आणून ठेवा, जूनमध्ये विसरता.

आणि खुर्च्या मोजा. गेल्या वेळी ६० आणल्या होत्या, परत देताना ५९ भरल्या. मी स्टेजच्या मागं बघितलं, वर्ग उघडून बघितले, सातवीच्या पोरांना दम दिला. दुपारी शाळा सुटल्यावर फाटकाशी गेलो तर निळी खुर्ची दगडाच्या जागी, सावलीत, आणि तिच्यावर आजी. कुणी नेऊन ठेवली ते कुणी कबूल केलं नाही. मंडपवाल्याला मी एका खुर्चीचे पैसे दिले आणि किरकोळ खर्चात लिहिले, '१ खुर्ची, फाटक'.